हजरमौतचा गवंडी, ताइफचा घाट आणि वारसांची पेढी

मराठवाड्यातील चाऊस मंडळींचे पूर्वज ज्या मुलखातून निजामाच्या फौजेत चाकरीसाठी आले, तो मुलूख म्हणजे दक्षिण येमेनमधील हजरमौत. तेथे पाणी कमी आणि शेतजमीन थोडी. त्यामुळे तेथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी घर सोडत आला. कोणी हैदराबादेस आले, कोणी जावा-सिंगापूर गाठले, तर कोणी पूर्व आफ्रिकेत गेले. याच मुलखातील दोआन खोऱ्यातून १९३० च्या सुमारास एक गरीब तरुण जिद्द्यास पोहोचला. त्याचे नाव मुहम्मद बिन अवद बिन लादेन.

हे आडनाव २००१ साली जगभर वेगळ्याच कारणाने गाजले. त्या मुलाशी घराण्याने १९९४ मध्येच जाहीरपणे संबंध तोडला होता. येथे आम्ही लिहीत आहोत ते बापाविषयी, म्हणजे रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराविषयी आणि त्याच्या पश्चात त्याच्या पेढीचे काय झाले याविषयी. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

हमालीपासून ठेकेदारीपर्यंत

त्या काळी जिद्द्याचा व्यापार हाजींवर चालत असे. जागतिक मंदीमुळे हाजींची संख्या घटली होती आणि बाजार थंड होता. मुहम्मद यांनी हमाली केली, गवंडीकाम केले आणि १९३१ मध्ये भावाला सोबत घेऊन बांधकामाची लहानशी पेढी सुरू केली. १९३२ मध्ये सौदी राज्याची घोषणा झाली आणि १९३८ मध्ये दम्माम येथे तेल लागले. अमेरिकन तेल कंपनीकडेही त्यांनी गवंडीकाम केले. यंत्रे कशी वापरावीत आणि मजुरांच्या पाळ्या कशा लावाव्यात, हे तेथे जवळून पाहायला मिळाले.

त्यांना लिहिणे-वाचणे फारसे येत नसे. मात्र हिशेब तोंडी आणि पक्का. मजुरांसोबत उन्हात उभे राहण्याची सवय त्यांनी श्रीमंत झाल्यावरही सोडली नाही. शाही महालांची कामे त्यांनी इतरांपेक्षा कमी दराने घेतली. राजा अब्दुल अझीझ यांना म्हातारपणी जिने चढवेनात, तेव्हा मोटार थेट वरच्या मजल्यावर जाईल असा उतरता रस्ता त्यांनी महालात बांधून दिला, असे सांगितले जाते. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून ती त्याने बोलण्याआधी दूर करणे, हेच त्यांचे खरे भांडवल होते.

घाटाचा रस्ता कसा होतो

जिद्दा-मदीना रस्त्याचे काम एका ब्रिटिश कंपनीने सोडले, तेव्हा ते मुहम्मद यांच्याकडे आले. परंतु त्यांचे नाव झाले ते हदा घाटामुळे. मक्का मुकर्रमा सखल भागात आहे, तर ताइफ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर. मध्ये डोंगराचा सरळ कडा. त्यामुळे मोटारींना लांबचा वळसा पडे.

आपल्याकडील वरंधा किंवा आंबोली घाटातून गेलेल्यांना ही अडचण लगेच उमजेल. भरलेला ट्रक सरळ कड्यावर चढत नाही. दर १५ मीटरला १ मीटर एवढाच चढ ठेवायचा, तर १,००० मीटर उंची गाठण्यास १५ किलोमीटर रस्ता लागतो. तो थोड्या जागेत बसवायचा म्हणून वळणावर वळण घ्यावे लागते. प्रत्येक वळणासाठी सुरुंग लावून खडक फोडायचा, दरीच्या बाजूला भिंत बांधायची आणि पावसाच्या पाण्यासाठी मोऱ्या ठेवायच्या. एक मोरी चुकली, तर एका पावसात रस्ता दरीत जातो.

मुहम्मद यांनी गाढव पुढे सोडून त्याच्या मागोमाग चालत या रस्त्याची वाट आखली, अशी कथा तेथे सांगतात. ती खरी असो वा नसो, जनावर चढ टाळून सोपी वाट धरते हे कोणताही डोंगरी माणूस सांगेल. हा रस्ता १९६५ मध्ये खुला झाला.

याच काळात मस्जिदे नबवीचा विस्तार १९५५ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी मस्जिदे हरामचे काम सुरू झाले. तोपर्यंत सफा-मरवामधील सईची जागा म्हणजे दोन्ही बाजूंना दुकाने असलेला रस्ताच होता. हाजी त्या गर्दीतून सई करीत. ती जागा मस्जिदीत घेऊन दुमजली, छताखालची करण्यात आली. बैतुल मुकद्दसमधील कुब्बतुस्सखराच्या दुरुस्तीतही त्यांच्या पेढीने काम केले.

मालक गेला, पेढी राहिली

३ सप्टेंबर १९६७ रोजी असीर भागात रस्त्याच्या कामावर जाताना विमान कोसळून मुहम्मद यांचा इंतकाल झाला. मागे पन्नासाहून अधिक मुले होती आणि बहुतेक वयात आलेली नव्हती. सामान्यतः २५ मुलगे व २९ मुली अशी संख्या सांगतात. फरायजच्या नियमाने पत्नींचा मिळून आठवा हिस्सा बाजूला काढला आणि इतर हक्कदार नाहीत असे धरले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास शेकडा सुमारे २.२ आणि मुलीच्या वाट्यास १.१ येतात.

असे चोपन्न तुकडे झाल्यावर पेढी कशी टिकावी? बुलडोझर कापून वाटता येत नाही. येथे वाटणी मालकीची झाली. यंत्रे, कामे आणि नाव मात्र एकत्र राहिले. मुलींचे हिस्सेही धरले गेले. राजा फैसल यांनी विश्वस्त नेमले आणि मुले कर्ती होईपर्यंत कारभार त्यांच्याकडे ठेवला. पुढे थोरला मुलगा सालेम याने सूत्रे घेतली. १९८८ मध्ये तोही विमान अपघातात गेला. मग बकर हा भाऊ प्रमुख झाला. हरमैनचे १९८० व १९९० च्या दशकांतील मोठे विस्तार याच पेढीने केले.

एकाच गिऱ्हाइकाचा धोका

मात्र एक दुबळी बाजू बापाच्या काळापासून राहिली. मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. २०१४ नंतर तेलाचे भाव पडले. ११ सप्टेंबर २०१५ रोजी हरममध्ये क्रेन कोसळून शंभराहून अधिक लोक शहीद झाले. त्यात भारतातील हाजीही होते. सरकारने पेढीला नवी कामे देणे थांबवले. २०१६ मध्ये हजारो मजुरांचे पगार थकले आणि मोठी कपात झाली. परदेशी मजुरांच्या घरी जाणारे पैसे अडकले. २०१७ मध्ये बकर यांना अटक झाली आणि २०१८ मध्ये सरकार पेढीत भागीदार झाले.

आपल्यासाठी

मालेगावचा मागवाला असो की कोकणातला ठेकेदार, आम्ही तीन गोष्टी सुचवू. पहिली, निम्म्याहून अधिक धंदा एकाच गिऱ्हाइकावर असेल तर दुसरे शोधण्यास आजच लागावे. दुसरी, दुकान व घर यांचे हिशेब वेगळे ठेवावेत आणि भागीदारी लेखी असावी. तिसरी, वारसांचे हिस्से शरीयतप्रमाणे आणि मुलींसह ठरवावेत. पण चालते यंत्र फोडू नये, त्यातील मालकी वाटावी. आपल्याकडे किती तरी कारखाने बापाच्या चाळिसाव्यानंतर भावाभावांच्या दाव्यात बंद पडतात. कारखान्याला कुलूप लागले की कारागिराचीही रोजी जाते आणि वर्षानुवर्षे कमावलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाते. कर्ता पुरुष हयात असताना एक बैठक आणि चार कागद केले, तर हे टळू शकते.