बहुभाषिक शाळेत 'कुटुंब वाचनसंध्या' अशी आखा!

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमांत चालतात. त्यात एकाच वर्गातल्या मुलांच्या घरी भोजपुरी, मारवाडी, कोकणीही बोलली जाते. अशा प्राथमिक शाळेत वाचनसंध्या व्हायलाच हवी.

दिवस: 21 फेब्रुवारी (आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन) ते 27 फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) हा आठवडा उत्तम. वेळ पालक कामावरून परतल्यानंतरची ठेवा.

निमंत्रण: मुलांच्या घरी कोणत्या भाषा बोलतात ते आधी विचारून घ्या आणि त्या भाषांतच बोलावणं करा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा.

पुस्तकं: प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भाषांत मोफत मिळते. ती छापून घ्या. एका भाषेत आई वाचेल, दुसऱ्या भाषेत शिक्षक.

आजी-आजोबा: त्यांनी गोष्टी, कोडी, म्हणी सांगायच्या आणि मुलांनी लिहून घ्यायच्या. त्यातून शाळेचं हस्तलिखित तयार होईल.

धाकट्या भावंडांसाठी सतरंजी आणि चित्रांची पुस्तकं हवीतच. निघताना प्रत्येक घराला एक पुस्तक वाचायला द्या. आपली भाषा शाळेत मानाने ऐकू आली की पालक पुढच्या सभेलाही हक्काने येतात!