सगळ्या स्विचवर एकच व्हीलॅन

एकाच स्विचला जोडलेल्या संगणकांचे, वेगळ्या वायरी न ओढता, स्वतंत्र गट पाडण्याची सोय म्हणजे व्हीलॅन. नांदेडच्या विष्णुपुरीतील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या विस्तीर्ण आवारात तिची गरज सहज कळते. वसतिगृहातल्या मोबाइलची वर्दळ परीक्षा विभागाच्या संगणकांपर्यंत जाता कामा नये.

गट ओळखला जातो तो क्रमांकावरून. १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकानुसार दोन स्विचमधल्या जोडणीवरून, म्हणजे ट्रंकवरून, जाणाऱ्या फ्रेमला सहसा ४ बाइटचा टॅग लागतो. त्यातले १२ बिट क्रमांकासाठी असल्याने ४०९४ व्हीलॅन वापरता येतात. टॅगमध्ये नाव नसतेच. एका इमारतीत २० म्हणजे ‘परीक्षा’ आणि दुसरीत २० म्हणजे ‘वसतिगृह’ असेल, तर दोन्ही गट बिनबोभाट एक होतात. स्विच तक्रार करत नाही. उलट, व्हीलॅन दोन्ही टोकांना असूनही ट्रंकवर त्याला परवानगी दिलेली नसेल, तर संपर्कच होत नाही. ही चूक फारच नेहमीची.

प्रत्येक स्विचवर हाताने व्हीलॅनची यादी भरण्याचा त्रास वाचावा म्हणून सिस्कोने व्हीटीपी हा प्रोटोकॉल आणला. एका सर्व्हर स्विचवर व्हीलॅन तयार केला की त्याच डोमेनमधल्या बाकीच्या स्विचवर तो आपोआप उमटतो. कोणता पोर्ट कोणत्या गटात, हे मात्र तरीही जागेवरच ठरवावे लागते.

धोका आहे तो रिव्हिजन क्रमांकात. यादी बदलली की हा आकडा वाढतो आणि मोठा आकडा असलेली यादी खरी मानली जाते. प्रयोगशाळेत सरावाला वापरलेला जुना स्विच, डोमेन व पासवर्ड जुळत असताना, मुख्य जाळ्याला जोडला आणि त्याचा आकडा मोठा निघाला, तर सगळीकडची यादी पुसली जाऊन त्याची यादी बसते. पुसलेल्या गटांतले पोर्ट बंद पडतात. क्लायंट म्हणून, म्हणजे फक्त यादी घेण्यासाठी, जोडलेला स्विचही हे करू शकतो. स्टार्टअप कॉन्फिगरेशन पुसून भागत नाही, कारण यादी आणि आकडा फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’ फाइलमध्ये राहतात. जोडण्यापूर्वी स्विच यादी स्वतःपुरतीच ठेवणाऱ्या ट्रान्सपरंट मोडवर नेला की आकडा शून्य होतो. व्हीटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रायमरी सर्व्हरलाच बदलाचा अधिकार देऊन ही वाट अडवली आहे.

म्हणूनच अनेक अभियंते व्हीटीपी बंद ठेवून व्हीलॅन क्रमांकांचा एकच लेखी तक्ता पाळतात आणि त्यावरून स्क्रिप्टने सगळे स्विच भरतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर हाच मार्ग सोयीचा. विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रासारख्या दूरच्या ठिकाणापर्यंत व्हीलॅन ताणण्यात अर्थ नसतो. मध्ये राउटर ठेवावा. तक्ता तेवढा दोन्हीकडे एकच असावा, म्हणजे नांदेडच्या तंत्रज्ञाला लातूरचा २० क्रमांक कोणत्या गटाचा, हे विचारावे लागत नाही.