चौथे आदण, पाचवे आदण

पहाटे ४. पंचगंगेच्या खोऱ्यातले एक गुऱ्हाळ, जानेवारीचे दिवस. चुलवाणात जाळ लागला आहे. चरकातून पडलेला रस टाकीत निवळून काहिलीत आला आहे. चुना, भेंडीचा चिकट रस, वर येणारी मळी काढणे हे सगळे गूळ करणारा गुळव्या फारसे न बोलता करतो. जाळ घालणाऱ्याला तो फक्त हाताने खुणावतो. चिपाड कालच्या उन्हात वाळलेले आहे, म्हणून ते धुमसत नाही, धडधडून जळते. एक आदण, म्हणजे काहीलभर रसाचा एक घाणा, उतरायला तीन-सव्वातीन तास. मालक काहिलीपाशी थांबत नाही. चरकामागे उसाच्या मोळ्या किती आल्या, ते बॅटरीच्या उजेडात मोजतो.

सकाळी ७. पहिले आदण उतरायला आले. गुळव्या पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळते, तो मान हलवतो. काहील पाक निवायच्या वाफ्यावर उपडी होते. थोड्या वेळाने पाक कापड घातलेल्या बादल्यांत भरायचा, त्याच्या ढेपा, म्हणजे रवे, होणार. एका आदणाला दीड टनाहून थोडा अधिक ऊस लागतो आणि टनाला शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो. हिशोब सोपा राहावा म्हणून आपण आदणाला १.६ टन ऊस आणि ३० किलोचे सहा रवे, म्हणजे १८० किलो गूळ धरू. पुढचे रुपयांचे आकडेही असेच समजुतीपुरते गोल केलेले आहेत. हिशोबाची रीत मात्र खरी आहे.

सकाळी ९. दुसरे आदण उकळते आहे आणि मालक चहा घेत वही उघडतो. तोडणी-वाहतुकीसह ऊस टनाला ४,००० रुपये, म्हणजे आदणाला ६,४००. मजुरी ९००. वीज, भेंडी, चुना, कापड मिळून २५०. बाजारापर्यंतचे भाडे, हमाली आणि अडत आणखी २५०. बेरीज ७,८००. हा खर्च आदण टाकले तर होतो, नाही टाकले तर होत नाही. त्याशिवाय शेड, काहील आणि मोटार यांवरच्या कर्जाचा हप्ता, मजुरांना हंगामाआधी दिलेली उचल असे दिवसाला २,४०० रुपये. हे चूल पेटली तरी जातात आणि विझलेली राहिली तरी जातात.

उसाचा भाव या माणसाच्या हातात नाही. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. शेजारचा कारखाना जे देतो, त्याच्या आसपास द्यावे लागते, नाहीतर शेतकरी ऊस इकडे का आणेल? गुळाचा भावही त्याच्या हातात नाही. दोन भिंतींच्या मधली अरुंद वाट तेवढी त्याची. आज किती आदणे टाकायची, एवढेच त्याला ठरवता येते. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. गुळव्याच्या हाताचे कौतुक सगळे करतात, पण हे कसब कुणाला दिसत नाही.

सकाळी ११. कोल्हापूरचे मार्केट यार्ड. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून या शहराने गुळाचा व्यापार जोपासला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. रव्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. व्यापारी रंग पाहतात, कणी पाहतात, आणि सौदा थप्पीमागून थप्पी पुढे सरकतो. गुजरातला जाणारा माल जास्त, त्यामुळे तिकडची मागणी वधारली की इथे बोली चढते. आपल्या माणसाच्या मालाला क्विंटलला ४,५५० मिळाले. शेजारच्या थप्पीलाही तेवढेच. तो ४,६०० मागेल तर कुणी घेणार नाही, कारण तसाच गूळ दोन पावलांवर आहे. ४,५०० ला देण्याचे काही कारणही नाही, कारण आणला तेवढा माल ४,५५० ला सहज उठतो.

“दादा, आवक वाढलीय. उद्या शंभरभर तुटेल असं वाटतंय,” अडत्या पट्टी करताना सांगतो. मालक ऐकून ठेवतो.

दुपारी २. दिवसाचा खरा पेच इथे आहे. तिसरे आदण उतरले, चौथे चढले. गुळव्या विचारतो, “मालक, पाचवं टाकायचं का? तोडकऱ्यांना आत्ताच सांगाया पायजे.”

४,५५० भावाने एका आदणाचे ८,१९० रुपये येतात. पहिल्या तीन आदणांना प्रत्येकी ७,८०० खर्च. चौथे संध्याकाळकडे झुकते, माणसांना ३०० जास्त द्यावे लागतात. ८,१०० गेले, ९० उरले. पाचवे अंधारात जाते. जानेवारीचे दव पडून चिपाड सर्द होते, जाळ मंदावतो, माणसे थकतात. त्याला ८,४०० लागतात. ८,१९० साठी ८,४०० घालवायचे कशाला?

पण वहीतली सरासरी वेगळेच सांगते. २,४०० चा रोजचा बोजा वाटून घातला, तर चार आदणांना क्विंटलमागे ४,७०८ रुपये पडतात आणि पाच आदणांना ४,७००. पाच केली तर गूळ स्वस्त पडतो! गावात बरेच जण या आकड्याला भुलतात. “बोजा वाटला जातो, जास्त काढा,” असा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो ठाम चुकीचा आहे. बोजा वाटल्याने कमी होत नाही. सरासरी आठ रुपयांनी उतरते आणि खिशातून २१० रुपये जातात. पुढच्या एका आदणाला काय लागते आणि त्याचे काय येते, एवढेच पाहायचे.

“नको मामा, आज चारच.”

दुपारी ४. चिपाड गोळा करून झाकणे, चरकाला तेल, मजुरांच्या खाड्यांची नोंद. शेजारच्या शिवारातली दोन धुराडी या हंगामात पेटलीच नाहीत. रस्त्याने जाणारा एकजण विचारतो, “तुम्ही तरी तोट्यात कशाला चालवताय?” तोटा आहे हे खरे. चार आदणांतून १,२६० उरले, बोजा २,४००. आज १,१४० रुपये अंगावर आले. पण चूल बंद ठेवली असती तर सगळे २,४०० अंगावर आले असते. भाव ४,३३३ च्या वर असेपर्यंत, म्हणजे आदणाचे ७,८०० निघत असेपर्यंत, चालवणे शहाणपणाचे. त्याखाली आला की त्याच दिवशी बंद. मग पेटली नाहीत ती धुराडी? तिथे काहील बदलायची वेळ आली असेल. नवी घेण्याआधी तो खर्च अजून टाळता येतो, म्हणून तेव्हा तो हिशोबात धरावाच लागतो, आणि ४,५५० भाव तो उचलू शकत नाही. एकाने चालवणे आणि दुसऱ्याने थांबणे, दोन्ही बरोबर असू शकते. शेजाऱ्याला हिंमत नव्हती असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

संध्याकाळी ५.३०. चौथे आदण वाफ्यावर. चुलीचा जाळ थांबला.

रात्री ८. जेवणानंतर तोडणीच्या मुकादमाला फोन करायचा. हा फोन सौद्याइतकाच महत्त्वाचा, कारण ऊस एकदा तुटला की हिशोबच बदलतो. ६,४०० रुपये गेलेलेच असतात. तुटलेला ऊस पडून राहिला तर साखर उतरते, आणि कारखाना एका ट्रॉलीसाठी पाळी मोडत नाही. मग उरते मजुरी आणि किरकोळ खर्च, १,४०० रुपये. त्या अवस्थेत क्विंटलला ७७८ मिळाले तरी उकळणेच भले. म्हणजे सकाळी चुलीपाशी नको म्हणायला जागाच उरत नाही. नको म्हणायचे ते आदल्या रात्री, ऊस उभा असताना.

उद्याचा भाव अजून कुणाला माहीत नाही. अडत्याचा अंदाज धरला तर ४,४५० होतात, आदणाचे ८,०१०. पहिल्या तिन्हींत २१०-२१० उरतील. चौथ्यात ९० जातील. ४,७०० ची आशा असती तर पाच सांगितली असती, कारण पाचवे ४,६६७ ला भरून निघते. हंगामभर भाव असा चढत-उतरत राहतो आणि त्याबरोबर आदणेही. भाव आणि आदणे यांची ही जोडी कागदावर मांडली की पाठ्यपुस्तकातली पुरवठ्याची रेषा तयार होते. परीक्षेला ती काढणाऱ्या मुलांनी एक दिवस इथे यावे, असे मला मनापासून वाटते.

फोन लागतो. “उद्या तीन आदणांचा तोडा. परवा चौथं टाकायचं का, ते उद्या रात्री बघू.”

मुकादम विचारतो, “आणि टोळी अर्धा दिवस रिकामी बसली तर?”

“त्यांना दुपारनंतर कारखान्याच्या फडात लावा. मी तिथल्या चिटबॉयशी बोललोय.”

मालक वही मिटतो. पहाटे चारला पुन्हा उठायचे आहे.