हज-उमऱ्याचा विमा : कागदावर काय आहे, काय नाही

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना गावातले एक ज्येष्ठ गृहस्थ आत आले. सारे पवनार त्यांना चाचा म्हणते, मीही म्हणतो. वय अडुसष्ट. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या बारा वर्षांपासून माझ्याच चिठ्ठीवर घेतात. चाचा आणि चाची येत्या महिन्यात उमऱ्याला जायचे होते. हातात प्रवास विम्याचा अर्ज होता.

"डॉक्टरसाहेब, जुना आजार आहे का, असं यात विचारलं आहे. एजंट म्हणतो, 'नाही' लिहा, उगाच हप्ता वाढेल. तुम्ही फक्त तब्येत ठीक आहे एवढं लिहून द्या."

मी म्हणालो, "चाचा, बसा. लिहून देतो, पण जे खरं आहे तेच. आधी हा कागद दोघं मिळून वाचू."

तासभर आम्ही तो कागद वाचला. बारीक अक्षरात सोळा पाने होती. यात्रेला निघालेल्या माणसाच्या बाबतीत जे घडण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तेच बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असते, हे त्यातून चाचांच्या ध्यानात आले. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मंडळी हजला आणि उमऱ्याला जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी आज या सदरात हाच विषय घेतला आहे.

ज्वारीचा विमा आठवा

विमा म्हणजे काय, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी ज्वारीची आरोग्य विमा योजना चालवली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सुगीनंतर प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभरात कोणी आजारी पडले तर रुग्णालयाने सांभाळायचे, अशी ती रीत. सर्वांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या कामी ते यायचे, हेच विम्याचे मूळ.

त्या योजनेतही एक भेद होता. अचानक उद्भवलेल्या आजाराला पूर्ण आधार मिळे. मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींच्या खर्चाचा काही वाटा मात्र रुग्णाला उचलावा लागे. अनपेक्षित संकटाचा भार विमा घेतो, ठाऊक असलेल्या गोष्टीचा सहसा घेत नाही. प्रवास विम्याच्या सोळा पानांतही फिरून फिरून हेच सांगितलेले असते.

पॉलिसीत सहसा काय मिळते

परदेश प्रवासाच्या पॉलिसीत विम्याची रक्कम बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये लिहिलेली असते. प्रवासात अचानक आजार झाला किंवा अपघात घडला तर रुग्णालयाचा खर्च, गरज पडल्यास रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम, पासपोर्ट हरवणे, सामान गहाळ होणे, विमानाला फार उशीर होणे, अशा गोष्टी तीत येतात. दात दुखल्यास तात्पुरता इलाजही बहुतेक ठिकाणी मिळतो.

यात 'डिडक्टिबल' नावाचा एक शब्द असतो. दर दाव्यामागे पहिली काही रक्कम आपण सोसायची आणि त्यावरचे कंपनी देणार, असा त्याचा अर्थ. ही रक्कम शंभर डॉलर असेल आणि इलाज नव्वद डॉलरचा झाला, तर कंपनीकडून काहीच मिळणार नाही. सर्दी-खोकल्याच्या औषधांसाठी हा विमा नसतो, हे यावरून समजावे.

घरी असलेला मेडिक्लेम परदेशात चालेल, अशी पुष्कळांची समजूत आढळते. साध्या मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारतातल्या रुग्णालयापुरत्याच असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतचे कार्डही तिकडे उपयोगी पडत नाही.

काय मिळत नाही

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे आधीपासून असलेला आजार. पॉलिसीत त्याला 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज' म्हणतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार हे सारे यात आले. काही पॉलिसींमध्ये जुन्या आजारामुळे जिवावर बेतले तरच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत, खर्च मिळतो. काहींमध्ये तेवढेही नसते. जास्त हप्ता घेऊन जुना आजार सामावून घेणाऱ्या पॉलिसीही आहेत. आपली कोणती, हे निघण्यापूर्वी वाचावे किंवा वाचून घ्यावे.

दुसरी बाब माहिती दडवण्याची. आजार अर्जात लिहिला नाही आणि पुढे रुग्णालयाच्या कागदात 'बारा वर्षांपासून मधुमेह' अशी नोंद आली, की दावा नाकारायला कंपनीला तेवढे पुरते. ही नोंद टळत नाही. तिथला डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो आणि घाबरलेला माणूस खरेच सांगतो, सांगायलाच हवे. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका रुग्णाच्या कुटुंबावर असा प्रसंग आला होता. अर्जात 'नाही' लिहिले होते आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर आठ दिवसांचे बिल मुलांना कर्ज काढून भरावे लागले. हप्त्यात वाचले होते काही शे रुपये.

तिसरी बाब, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितले असताना केलेला प्रवास. चौथी, ठरवून करायचे उपचार, नेहमीच्या तपासण्या आणि गर्भारपणाचा खर्च. पाचवी, कायदा मोडून केलेली गोष्ट.

या पाचव्या बाबीकडे नीट लक्ष द्यावे. हजसाठी रीतसर परवाना लागतो. तो न घेता साध्या भेटीच्या व्हिसावर हज घडवून आणतो म्हणणारे दलाल असतात. २०२४ च्या हजमध्ये १३०१ यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले ८३ टक्के बिनपरवाना आलेले होते. त्यांच्या वाट्याला ना सावलीचे तंबू आले ना वाहने, भर उन्हात लांबवर पायी चालावे लागले. अशा माणसाला विम्याचाही आधार राहत नाही.

अपघात कशाला म्हणावे

अपघाती मृत्यूची मोठी रक्कम पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेली असते. परंतु विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे, माणसाच्या इच्छेविरुद्ध आणि बाहेरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या, आघात करणाऱ्या कारणाने घडलेली घटना. १५ एप्रिल १९९७ रोजी मीना येथे तंबूंना लागलेली आग, ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केत कोसळलेली क्रेन, त्याच महिन्याच्या २४ तारखेला मीना येथे झालेली चेंगराचेंगरी हे अपघात होत. झोपेत आलेला हृदयविकाराचा झटका अपघात नव्हे. उष्माघाताने मृत्यू झाला तर तो अपघात धरायचा की आजार, यावर वाद होऊ शकतो. हा प्रश्न पॉलिसी घेतानाच कंपनीला विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.

१७ जून २०२४ रोजी मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. आपल्या वर्धेचा मे महिना सोसलेल्या माणसालाही ते ऊन झेपणारे नाही. त्या वर्षी ९८ भारतीय यात्रेकरू दगावल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितले होते आणि कारणे दिली होती ती बहुतांशी नैसर्गिक आजार, जुनाट व्याधी आणि वार्धक्य अशी. म्हणजे अपघाती मृत्यूची ती ठळक रक्कम ज्यांच्या उपयोगी पडत नाही, अशीच ही कारणे.

पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही पॉलिसीत लिहिलेला असतो. हजयात्रेत निधन झालेल्यांचे दफन मात्र तिथेच होते आणि ते भाग्याचे मानले जाते. म्हणून या कलमासाठी जास्त हप्ता देण्यापूर्वी घरात बोलून घ्यावे.

हज आणि उमरा, दोन्हींत फरक

भारतीय हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना डॉक्टरी तपासणीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हजच्या काळात भारत सरकारचे वैद्यकीय पथक मक्का आणि मदिना येथे असते. त्याचे दवाखाने मोफत चालतात आणि सौदी सरकारी रुग्णालयांतही हाजींवर मोफत उपचार होतात. अडचण आली तर खाजगी रुग्णालयाकडे धावण्याआधी या पथकाकडे जावे. ते ठिकाण आणि दूरध्वनी क्रमांक पोहोचल्या दिवशीच लिहून घ्यावेत.

उमऱ्याला वर्षभर लोक जातात आणि हजच्या वेळचे हे भारतीय पथक तेव्हा नसते. उमऱ्याच्या व्हिसाच्या शुल्कात सौदी सरकारने विमा जोडलेला आहे. तो तातडीच्या उपचारांसाठी असून एक लाख रियालपर्यंतची मर्यादा जाहीर केलेली आहे. त्याचा कागद टूरवाल्याकडून मागून घ्यावा. हा विमा सौदी अरबस्तानातल्या मुक्कामापुरता असतो. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलताना काही झाले तर तो कामी येईलच असे नाही. आपण इथून घेतलेली पॉलिसी घर सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या तारखांची आणि चार दिवस वरचे धरून असावी.

विमा घेणे धर्माला धरून आहे का, अशी शंका काही मंडळी मला विचारतात. तो माझा प्रांत नाही, आपल्या मौलानांना विचारावे. एवढे मात्र सांगतो की परस्पर सहकार्यावर चालणारी 'तकाफुल' ही पद्धत मुस्लिम देशांत रूढ आहे आणि खुद्द सौदी अरबस्तानातील विमाही सहकारी तत्त्वावर चालवण्याचा कायदा आहे.

खरा विमा शरीराचा

जे कागदात वगळले आहे, त्याची तजवीज आपणच करायची असते. वैद्य म्हणून माझा आग्रह याच भागावर आहे.

निघण्याच्या दोन महिने आधी तपासणी करावी. रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाचे काम आणि हृदयाचा आलेख पाहून घ्यावा. मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. रोज चालण्याचा सराव ठेवावा. सफा आणि मरवा यांच्यामधल्या सात फेऱ्यांचेच अंतर तीन किलोमीटरहून अधिक भरते, तवाफ वेगळा. गावातून आश्रमाकडे धामच्या काठाने सकाळी चालत जावे आणि परत यावे, त्याहून सोपा सराव नाही.

औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती मोठ्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. औषधांची मूळ नावे असलेली डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत असावी. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन यांसारख्या वेदनांवरील औषधांवर तिकडे निर्बंध आहेत. ती असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण कडक उन्हात बदलावे लागते, तेही विचारून घ्यावे, मनाने बदलू नये.

मधुमेहींनी पाय जपावेत. पायाची संवेदना कमी झालेली असते, तापलेली फरशी पोळते आणि कळत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. भर दुपारी छत्रीशिवाय निघू नये, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. घाम थांबला, अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि मदत बोलवावी.

दावा करण्याची वेळ आली तर

रुग्णालयात दाखल होताच कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे. उशीर झाला तर तेही दावा अडण्याचे कारण होते. डॉक्टरांचा अहवाल, बिले, पावत्या आणि पासपोर्टच्या शिक्क्याची पाने जपून ठेवावीत. सामान गेले तर विमान कंपनीचा आणि पासपोर्ट हरवला तर पोलिसांचा लेखी अहवाल घ्यावा. पॉलिसीची एक प्रत घरी मुलांकडे असावी. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

चाचांचे काय झाले, ते सांगून आजचे लिखाण संपवतो. त्यांनी अर्जावर दोन्ही आजारांपुढे 'होय' लिहिले. मी माझ्या चिठ्ठीत आजार, औषधे आणि ताजे अहवाल लिहून सही केली. हप्ता वाढला. जुन्या आजारामुळे जिवावर बेतल्यास ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळेल, असे कलम त्यांच्या पॉलिसीत आहे. ते कलम मी लाल शाईने अधोरेखित करून दिले. जाताना चाची म्हणाल्या, "इतक्या मोठ्या ठिकाणी जायचं आणि खोटं लिहून निघायचं, हे माझ्या मनाला लागत होतं."

मला आणखी काही सांगायचे उरले नाही. यात्रेला निघणाऱ्या सर्वांचा प्रवास सुखाचा होवो आणि विम्याचा तो कागद न उघडताच घरी परत येवो.