घर विकायचंय, दारात आकाशकंदील

पितृपक्षात थबकलेली गिऱ्हाइकं नवरात्रात घरं बघायला बाहेर पडतात. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि अर्धा मुहूर्त मानला जाणारा दिवाळी पाडवा यांत जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर असतं. म्हणजे तुमची सजावट आणि त्यांची पाहणी नेमकी एकाच वेळी!

सजावट जरूर करा. झेंडूचं तोरण, गॅलरीत एक कंदील, उंबऱ्याशी लहानशी रांगोळी. तीही एका बाजूला, नाहीतर येणाऱ्याला ती ओलांडत आत यावं लागतं. माळा खिळे ठोकून लावू नका. चिकटपट्टीनेही रंगाचा पोपडा निघतो. खिडकीचे गज आहेत की. शहाबादी फरशी तेल पिते आणि तो डाग सहज जात नाही, म्हणून पणतीखाली ताटली हवीच.

पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे भिंतीवरची ओल याच दिवसांत ठळक दिसते. ती मखराच्या पडद्यामागे दडवणं हा शुद्ध वेडेपणा. जाणकार गिऱ्हाईक आधी पडदाच सरकवतं. त्यापेक्षा गळती दुरुस्त करा आणि तसं सांगा.

चकल्या तळायच्या दिवशी आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणालाही घर दाखवू नका. दागिने, रोकड पूजेत मांडलेली असते.

जाहिरातीचे फोटो मात्र सजावटीआधीच काढून ठेवा. मार्गशीर्षातही फोटोत कंदील दिसला, की घर पडून आहे हे गिऱ्हाईक ओळखतं आणि भाव पाडून मागतं.