हीटर चालू, तरी खोली गार का?

डिसेंबर-जानेवारीत पिंपरी-चिंचवड, चाकण भागात रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस हीटर लावतो, बटण शेवटपर्यंत फिरवतो. हीटर मात्र मध्येच बंद पडतो आणि खोली गारच राहते.

हीटर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. त्यातला थर्मोस्टॅट अख्ख्या खोलीचं नाही, स्वतःभोवतीच्या हवेचं तापमान ओळखतो. साध्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, वीज तुटते. हीटर पलंगामागे कोंबला की तिथली हवा लगेच तापते आणि पट्टी फसते. बटण जास्त फिरवून खोली लवकर तापत नाही. हीटर फक्त उशिरा बंद होतो. २००० वॅटचा असेल तर सलग तासाला दोन युनिट, ते वेगळेच.

गरम हवा वर जाते, म्हणून हीटर खाली जमिनीवर हवा. थंड देशांत रेडिएटर खिडकीखाली बसवतात, काचेवरून उतरणारी गार हवा तिथेच तापावी म्हणून. आपल्याकडे तिथे पडदा लोंबत असतो, त्यामुळे ही नक्कल नको. समोर आणि आजूबाजूला तीनेक फूट मोकळं ठेवा. प्लग भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

हीटर परवडत नाही म्हणून कोणी कोळशाची शेगडी आत घेत असेल, तर तिला बंद खोलीत कुठलीच जागा सुरक्षित नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध होऊ शकतो.