नाडी आधी बोलते

प्रभादेवी स्थानकातून परळकडे चालत गेलं की केईएम रुग्णालय लागतं, १९२६ पासूनचं. अशा रुग्णालयाच्या गजबजलेल्या वॉर्डात नर्सिंगच्या नवख्या विद्यार्थिनीला चुका करून शिकायची मुभा नसते. ती मुभा ऑनलाइन सिम्युलेशनमधली केस देते.

समजा, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा तरुण रुग्ण. नाडी ८८, श्वास १८. तासाभराने नाडी ११८, श्वास २६. रक्तदाब मात्र अजून ठीक. इथेच बऱ्याच जणी फसतात! तरुण शरीर रक्तस्राव होत असतानाही रक्तदाब बराच वेळ सावरून धरतं. आता डॉक्टरांना बोलवायचं की पुन्हा मोजायचं? उत्तराप्रमाणे पुढची स्थिती उलगडते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा आहे. केसनंतर शिक्षिकेने ‘असं का ठरवलंस?’ विचारलंच पाहिजे.